काठावरचा ठोका

पडताळणीला आलेल्या हवालदाराने
चहा संपवून विचारलं, “मॅडम, मारणार कोणाला?”
म्हटलं, कागदाला. पन्नास मीटरवरच्या.
त्याने ‘क्रीडा’ असं लिहिलं
आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत
पेन जरा वेळ तसंच धरून ठेवलं.
अर्जात ‘मजा’साठी रकाना नसतो.

वाशीच्या दवाखान्यात मी कान तपासते.
माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं,
कानांवर हेडफोन, हातात बटण :
आवाज आला की दाबा, कितीही बारीक असो.
एकोणीस वर्षं मी लोकांची बोटं बघतेय.
ऐकू येणं आणि दाबणं यांच्यामध्ये
एक अरुंद बोळ असतो,
तिथे माणूस अगदी एकटा असतो.
तोच बोळ मला पारसिकच्या पायथ्याशी
क्लबच्या सिमेंटच्या ओट्यावर
पालथं पडल्यावर सापडला.

असो. रायफलचं सांगत होते.

ठाण्यात, जांभळी नाक्याच्या मागे
मुफद्दलभाईंच्या काउंटरवर हिरवं कापड,
त्यावर तीन.
पहिली बोल्टची. “सालस आहे, जन्मभर निभेल.”
पण दर गोळीला हात उचलून खटका वर, मागे, पुढे, खाली
आणि माझा उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून
वेणी घालायलासुद्धा वर जात नाही.
दुसरी परदेशी. किंमत ऐकली आणि
साडीच्या दुकानात म्हणतो तसं म्हटलं,
राहू दे, घडी मोडू नका.
तिसरी सेमी-ऑटोमॅटिक, वापरलेली,
ऐरोलीच्या कोणा टेंभेकरांची,
ज्यांना आधी मोतीबिंदू झाला आणि मग कंटाळा आला.
दस्त्याला एक चीर,
पण सांधणारा सुतार बरा भेटला असावा.
रिकामी असल्याची दोनदा खात्री करून
मी नळी ट्यूबलाइटकडे धरली.
आतले पेच वळत वळत गेलेले,
कानाच्या आतल्या शंखासारखे.

“खाण्याच्या बाबतीत नखरेल आहे हं,” ते म्हणाले.
“हलकी काडतुसं दिलीत तर अर्ध्यावर अडते.”
चांगल्या डबीचा भाव विचारला.
एक गोळी म्हणजे एक कटिंग चहा.
मनात मी आठवड्याचे चहा मोजले,
त्यातले किती खरंच हवे असतात ते वजा केले.

मग त्यांनी एक काडतूस तळहातावर ठेवलं,
हरभऱ्यापेक्षा थोडंच मोठं.
“याची दारू काठात असते. पिन मधोमध नाही, काठावर बसते.
म्हणून स्वस्त. आणि म्हणूनच एकदाच.
काठ चेपला की पुन्हा भरता येत नाही.”
नेरूळला खाडीच्या काठावर राहून
एकावन्नाव्या वर्षी छंद शोधणाऱ्या बाईला
हे एवढं सविस्तर सांगायची गरज नव्हती.

क्लबात सबनीस सर म्हणाले, “ऑटो नको होती घ्यायला.
दुसरी गोळी आपोआप येते ना,
मग माणूस पहिलीचा मान ठेवत नाही.”
खरं आहे. मी वाद घातला नाही.
माझ्या काचेच्या खोलीतही काहीजण
आवाज नसतानाच बटण दाबतात.
खोटं बोलत नसतात ते.
हातात बटण आहे हेच त्यांना ऐकू येत असतं.

म्हणून दहाच्या मॅगझिनमध्ये पहिले तीन रविवार
मी एकच भरली.
कानांवर आवरण, त्याखाली बोळे
(स्वतःचा आलेख मी दर सहा महिन्यांनी काढते,
चार हजार हर्ट्झला छोटा खड्डा आहे, जुना, प्रेशर कुकरचा म्हणते)
श्वास अर्धा सोडून थांबले.
बोळ. मी. कोणी नाही.
ठोका.
रिकामं पितळ उजवीकडे उडून
दंडाला चटका देऊन गेलं
आणि रायफल उघड्या तोंडाने
माझ्याकडे बघत राहिली :
बस? एवढंच?

चौथ्या रविवारी दोन भरल्या.
सबनीस सरांना सांगितलं नाही.